ज्वारीचे एकवीस दाणे

काही कारण नसताना बाईनं रस्त्यानं चालायचं नसतं, हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी कळलं. तोवर मी पायांचा कधी विचारच केला नव्हता. माहेर कोरेगावचं. शाळा घरापासून लांब, त्यामुळे चालणं होतंच, शिवाय खो-खोच्या संघात होते. पुढं मॅट्रिक झाले, लग्न झालं आणि कडेगावच्या बाजूच्या एका गावात आले. उसाची जमीन, दारात दोन बैलजोड्या, नवरा मिलिटरीत आणि घराला मोठी इभ्रत. इभ्रत म्हणजे काय, तर या घरातल्या सुना रानात जात नसत, पाण्याला जात नसत, दुकानात तर नाहीच नाही. घर, परसू आणि परसाला लागून गोठा, एवढ्यात काय हिंडायचं ते हिंडा.

त्या गोठ्यातच मी पडले. दुष्काळ संपून दोन वर्षं झाली होती, ऊस चांगला आला होता. बैलांना वैरण टाकायला गेले आणि शेणानं निसरड्या झालेल्या फरशीवरून डावा पाय गेला. गुडघ्याच्या वरचं हाड मोडलं. आधी गावातला हाडं बसवणारा आला. त्यानं बांबूच्या कांबट्या बांधल्या आणि आठ दिवस मी भोपळ्यासारखा सुजलेला पाय घेऊन पडून राहिले. मग मिरजेला नेलं. तिथं पाय नीट बसवला आणि कमरेपासून खाली प्लास्टर घातलं. ते तीन महिने होतं.

प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेला पाय मला माझा वाटला नाही. बारीक, पांढुरका, कातडी सुटलेली. आणि गुडघा वाकेना, अगदी दोन बोटंसुद्धा वाकेना. डॉक्टर पिकल्या केसांचे, मोजकं बोलणारे होते. ते म्हणाले, "हाड मी जोडलं. गुडघा मला वाकवता येणार नाही, तो तुम्ही वाकवायचा. रोज चालायचं. आधी एक फर्लांग, मग वाढवत वाढवत दोन मैल. दुपारी खाटेवर बसून पायाला वाळूची पिशवी बांधायची आणि पाय उचलायचा. सहा महिने. एक दिवस चुकवलात तर दोन दिवस मागं जाल. आणि सहा महिन्यांत जेवढा वाकेल तेवढाच, पुढं जन्मभर तो तसाच राहणार."

मी विचारलं, "मांडी घालता येईल?"

"ते तुमच्यावर आहे," ते म्हणाले.

मांडीचं एवढं काय, असं आज कुणाला वाटेल. पण तेव्हा आमच्या घरात बाईचं सगळं जिणं जमिनीवर होतं. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, जेवणं जमिनीवर, धुणंभांडी उकिडवं बसून. सकाळी परसाकडेला जायचं तेही बसूनच, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. घरात खुर्ची एकच, ती पाहुण्यांची. न वाकणारा पाय घेऊन त्या घरात राहायचं म्हणजे उभ्या जन्मात दुसऱ्याच्या हातचं खायचं. मला ते नको होतं. मला चुलीपुढं मांडी घालून बसायचं होतं, आणि माझ्या हातात सहा महिने होते.

घरी आले आणि सगळ्यांची माया उतू जायला लागली. काठी घेऊन उठले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धावत येत. "बस गं बाई, बस. काय पायजे ते माग." मी दारापासून गोठ्यापर्यंत बावीस पावलं मोजून ठेवली होती. त्या बावीस पावलांत मला तीनदा कुणीतरी धरून बसवायचं. शेजारपाजारच्या बाया पाय बघायला येत, पदर तोंडाला लावून च्च्च करत आणि जाताना सांगत, "आता जपायचं. पाय हालवायचा न्हाई." वाळूची पिशवी बांधून पाय उचलायला लागले तर धाकटा दीर हसत सुटला. तो स्वतः रोज तालमीत जोर मारून यायचा आणि आल्यावर त्याला बदाम घातलेलं दूध मिळायचं. तो अंग कमावत होता. मी मात्र पायाचे हाल करत होते.

नवऱ्याचं पत्र आलं. तेही दिरानंच मोठ्यानं वाचलं. बर्फ पडतंय, पहाटे बिगुल झाला की पीटी असते, रोज पाच मैल धावतो, तब्येत उत्तम आहे. आणि शेवटी माझ्यासाठी एक ओळ, की दगदग करू नये, आराम करावा. ते ऐकून माझं डोकं असं तापलं की मी ते पत्र दिराच्या हातातून हिसकावून घेतलं. रोज पाच मैल धावणारा माणूस मला बसून राहा म्हणून कळवतो! रजेवर आला की हाच माणूस चड्डी घालून उसाच्या गाड्यांच्या रस्त्यानं पळायचा, आणि त्याला कुणी विचारत नसे की गड्या, कुठं निघालास.

तीन आठवडे मी गोठ्यापर्यंतच येरझाऱ्या घातल्या. गुडघा हळूहळू हातभर उंचीच्या खाटेवर बसता येईल इतका वाकला आणि तिथंच अडला. जागा पुरेना. परसात फिरून दोन मैल करायचे तर घाण्याच्या बैलासारखं दिवसभर फिरावं लागलं असतं. मग एका सकाळी मी डोक्यावरून पदर घेतला, काठी घेतली आणि सरळ दारातून रस्त्यावर आले.

पन्नास पावलं गेले नसेन, तोवर पहिला माणूस आडवा आला. "वैनी, कुठं निघालाय?" मी म्हटलं, कुठं नाही, चालतेय. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. दुसरा सायकलवरून उतरला. "काय झालं, वैनी? घरी समदं बरं हाय न्हवं?" म्हटलं, बरं आहे. तिसरी एक म्हातारी होती, तिनं तर माझा हात धरला. "रागं भरून निघालीस व्हय गं लेकी? असल्या पायानं?" मी तिला सांगत होते की डॉक्टरनं चालायला सांगितलंय, तोवर मागून बैलगाडीचा खडखडाट आला. सून भांडून माहेरी निघाली, ही बातमी माझ्या आधी घरी पोचली होती आणि मामंजींनी दिराला गाडी जुंपून पाठवलं होतं. भर रस्त्यात, लोकांच्या देखत, मला धान्याच्या पोत्यासारखं उचलून गाडीत घातलं. मी आतून नुसती जळत होते. कोरेगावपर्यंत पस्तीस-चाळीस मैल मी काठी टेकत जाणार होते, असं त्या शहाण्यांना वाटलं होतं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, सुनेशी कधी थेट बोलत नसत. तशी रीतच होती. बाहेरच्या सोप्यात बसून ते भिंतीकडं बघत बोलायचे आणि ते आत्याबाईंना उद्देशून असायचं. त्या दिवशी भिंतीला म्हणाले, "सांग तिला. या घरच्या बाया रस्तं मोजत हिंडत न्हाईत."

आत्याबाई चाचरत म्हणाल्या, "आवं, डाक्टरनं सांगितलंय."

"डाक्टर मिरजंत ऱ्हातोय. गावात मी ऱ्हातो."

मी आत खाटेवर बसून राहिले आणि पायाकडं बघत त्या घराला, त्या गावाला, त्या रस्त्याला मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या दिल्या. मला बऱ्याच येत होत्या.

दुपारी आत्याबाई माझ्याजवळ आल्या. त्यांचं वय पन्नासच्या आतबाहेर असेल, पण उठताना-बसताना भिंतीला हात लावायच्या आणि "आई आई गं" म्हणायच्या. दोन्ही गुडघे गेले होते. बायांचं गुडघं असंच असत्यात, असं त्या सांगायच्या. खाटेच्या कडेला टेकून हळूच म्हणाल्या, "नवस बोलू या. वढ्यापल्याडच्या म्हादेवाला. सव्वा महिना, रोज एकवीस फेऱ्या. देवाच्या वाटंला कोण आडवं येतंय बघू."

त्यांना खरंच देवावर भरवसा होता की नवऱ्याला चकवायची ही त्यांची युक्ती होती, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढंही मी कधी विचारलं नाही. मामंजींना सांगितलं तर त्यांनी भिंतीकडं बघून मान हलवली. मी मात्र सव्वा महिना ऐकून गप्प बसले. सहा महिने कुठं आणि सव्वा महिना कुठं! ते तेव्हाच बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी निघालो. माझ्या हातात काठी, आत्याबाईंच्या हातात तबक आणि तांब्या. कालचीच ती माणसं. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी बाजूला होऊन वाट दिली. तबकात चार फुलं काय आली, त्याच रस्त्यानं तोच पाय चालता झाला. मला याचं हसू यायला हवं होतं, पण संतापच आला.

देऊळ घरापासून दोन फर्लांगांवर. महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथवर जायचं, मागं वळायचं, उलट्या बाजूनं पुन्हा पन्हळीशी यायचं आणि परत वळायचं. साध्या फेरीत पाय सरळ चालतो, इथं मात्र दर फेरीला गुडघ्याला पीळ बसायचा. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. आत्याबाई पायरीवर बसत. पदरात ज्वारीचे एकवीस दाणे मोजून घेतलेले असत. माझी एक फेरी झाली की एक दाणा तांब्यात टाकायचा. दाणे संपले की फेऱ्या संपल्या.

आठव्या-नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "झालं गं, एकवीस." मी मनात मोजत होते. माझ्या सतराच झाल्या होत्या. वाटलं, माझंच चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं. पन्हळीपाशी वळताना माझं तोंड वेडंवाकडं झालं, तेव्हा आत्याबाईंच्या चिमटीतून दोन दाणे पडले.

मी तिथल्या तिथं थांबले. देवाच्या दारात, काठी आपटून मी सासूला म्हणाले, "आत्याबाई, तुमी माझ्या फेऱ्या खाल्ल्या. काल चार खाल्ल्या. आधी किती खाल्ल्या ते तुमालाच ठावं."

त्यांचे डोळे भरून आले. "तुझं त्वांड बघवत न्हाई गं."

"मग तोंड फिरवून बसा."

असं मी त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते. त्या काळी सुनेनं असं बोललेलं कुणी ऐकलं असतं तर गावभर झालं असतं. आत्याबाई वळल्या आणि नंदीकडं तोंड करून बसल्या. त्या दिवसापासून माझ्या काठीचा, पुढं पावलांचा आवाज ऐकून त्या दाणे टाकायच्या. एकही दाणा पुन्हा जास्त पडला नाही.

चौथ्या आठवड्यात काठी सुटली. लंगडत का होईना, मोकळ्या हातांनी चालायला लागले, आणि गावात एकच बोलणं सुरू झालं, की म्हादेव पावला. बाया मला थांबवून विचारायच्या की फेऱ्या कुठल्या बाजूनं सुरू करायच्या, फूल कुठलं वाहायचं. दुपारी खाटेवर वाळूची पिशवी बांधून मी दीड दीडशे वेळा पाय उचलायची, ते कुणी विचारलं नाही. देवाशी माझं भांडण नाही. पण फेऱ्या त्यानं घातल्या नव्हत्या.

सव्वा महिना पुरा झाला. नवस फेडायचा म्हणून घरात पुरणपोळ्यांचा घाट घातला. गुरुजी आले, पाच सवाष्णी आल्या, भावकी आली. मला हिरवं लुगडं नेसवलं आणि ओटी भरायला पाटावर बस म्हणाले. मी भिंतीला धरून बसले खरी, पण डावा पाय वाकेना. तो तसाच पुढं आडवा राहिला, नेमका पूजेच्या तबकाच्या दिशेनं. भावकीतल्या एक थोरल्या बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पाय आवर की गं. देवाकडं पाय करून बसतीस व्हय?"

माझा तोल गेला. "आवरता येत नाही म्हणून असा आहे," मी ओरडलेच. "माझा पाय बरा झालेला नाही. तुम्ही नवस फेडताय, पोळ्या खाताय, आणि माझा गुडघा खाटेएवढाच वाकतोय. बघा. सगळ्यांनी बघा."

गुरुजींचा मंत्र तोंडातच राहिला. सवाष्णी एकमेकींकडं बघायला लागल्या. सोप्यातून मामंजींचा आवाज आला. ते भिंतीशीच बोलत होते. "सांग तिला, नवस फिटला. आता गप घरात बसायचं. लय झालं हिंडणं."

आत्याबाई काही बोलायच्या आत मी भिंतीकडं वळले. समोरच्या त्या शेणानं सारवलेल्या भिंतीला मोठ्यानं म्हणाले, "सांगा मामंजींना. नवस त्यांचा फिटला. माझे अजून चार महिने राहिलेत. मी उद्या सकाळी चालायला जाणार आहे."

सोप्यात खुंटीवरचा पटका काढल्याचा आवाज आला आणि मामंजी गोठ्याकडं निघून गेले. होही म्हणाले नाहीत आणि नाहीही नाही. जेवणं उरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तबक घेतलं नाही, फूल घेतलं नाही, तांब्या घेतला नाही. नुसते हात हलवत दारापर्यंत आले. चौकटीत आत्याबाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता या अडवणार, आणि आज यांनाही काही ऐकवायची वेळ येणार. मी दात आवळले.

"थांब," त्या म्हणाल्या. "दाणं घ्यायचं ऱ्हायलं."

त्या मूठभर ज्वारी पदरात बांधून आल्या आणि आम्ही निघालो. रस्त्यात तो सायकलवाला भेटलाच. "नवस फिटला न्हवं, मावशी? आता कुठं?"

आत्याबाई जन्मात परपुरुषाला उलटून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी चालता चालता म्हणाल्या, "गुडघा वाकवाया. तुला यायचंय का?"

तिथून पुढचे चार महिने आम्ही एक दिवस चुकवला नाही. उसाच्या गाड्या सुरू झाल्या, रस्ता धुळीनं भरला, आम्ही कडेनं चाललो. संक्रांत गेली, शिमगा गेला. फेऱ्या झाल्या की आत्याबाई पायरीवर थांबायच्या आणि देवळापुढं मळ्यापर्यंत मी एकटी जायला लागले, तिथून परत. दोन मैल भरले. लोक आधी बोलले, मग हसले आणि मग कंटाळले. मामंजी भिंतीशी इतर गोष्टींबद्दल बोलत राहिले, या गोष्टीबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला, एका सकाळी, चुलीपुढं मी उजवा पाय मुडपला, मग डावा पाय दोन्ही हातांनी धरून आत ओढला. कडकन आवाज आला, डोळ्यांत पाणी आलं, पण पाय आला. मांडी बसली. मी फुंकणी घेऊन जाळ फुंकला, तव्यावर भाकरी टाकली आणि रडले. आनंदानं नव्हे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला देवाला मधे घालावं लागलं, सासूशी भांडावं लागलं, भिंतीशी बोलावं लागलं, याच्या संतापानं रडले.

आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. भिंतीला हात लावून, नेहमीसारख्या. भाकरी उलटली तेव्हा म्हणाल्या, "माझं व्हईल का गं आता? का उशीर झाला?"

तीस वर्षं ती बाई त्या घरात होती. तीस वर्षं चूल, जातं, परसू, गोठा. पन्नाशीला गुडघे गेले आणि ते असेच जायचे असतात असं तिला सगळ्यांनी सांगितलं, तिनंही ते खरं मानलं. माझ्याबरोबर पाच महिने देवळापर्यंत आली तीही पायरीवर बसायलाच. आणि मला एकदाही सुचलं नाही की उठा, तुम्हीही चला. माझ्या रागात मी फक्त माझाच पाय धरला होता. त्या सकाळी मला माझीच सगळ्यांत जास्त चीड आली.

"उद्यापासून," मी म्हटलं. "आणि रोज."

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर मी बसले, मांडी घालून. पदरात ज्वारीचे एकवीस दाणे घेतले. आत्याबाईंनी माझी काठी घेतली आणि निघाल्या. पहिली फेरी बरी झाली. दुसऱ्या फेरीला ओठ आवळले. तिसऱ्या फेरीला पन्हळीपाशी वळताना त्यांचं तोंड असं झालं की माझ्या चिमटीत आपसूक दोन दाणे आले.

एक मी पदरात परत टाकला, आणि नंदीकडं तोंड फिरवून बसले.